एमपीटीएचला प्रवेश मिळाला, आता कर्जाचं गणित

पीजीपी-सीईटी, म्हणजे थेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशाची राज्याची परीक्षा झाली, कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंडमध्ये कॉलेज लागलं, पेढे वाटून झाले. मग घरात फीचा कागद फिरायला लागतो. फिजिओथेरपीचं एमपीटीएच असो, ऑक्युपेशनल थेरपीचं एमओटीएच, स्पीच थेरपीचं एमएस्सी किंवा क्लिनिकल सायकॉलॉजीचा आरसीआयमान्य (भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला) अभ्यासक्रम असो, दोन वर्षांची फी सरकारी संस्थेत हजारांत आटोपते आणि खासगी कॉलेजात किंवा अभिमत विद्यापीठात लाखांत जाते. वर वसतिगृह, मेस, डिझर्टेशन. बहुतेक घरांत यावर एकच तोडगा निघतो, शैक्षणिक कर्ज.

हे कर्ज मिळणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. अडचण पुढे सुरू होते. हप्ता ठरतो फीवरून, आणि थेरपिस्टचा सुरुवातीचा पगार त्या फीकडे बघून ठरत नाही. दुसरी गोष्ट, व्याजात सूट देणाऱ्या सरकारी योजना चांगल्या आहेत, पण त्यांच्या अटी इंजिनिअरिंग, मेडिकल, एमबीए डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारख्या आहेत. थेरपीचे विद्यार्थी त्यातून नेमके निसटतात. कसे, ते क्रमाने बघू.

कर्जाची चौकट

सरकारी बँकांची शैक्षणिक कर्जं इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेवर बेतलेली असतात. बँकेगणिक नाव वेगळं असलं तरी सांगाडा तोच. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःच्या खिशातला वाटाही, म्हणजे मार्जिन, नाही. ४ लाखांच्या वर गेलं की देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के मार्जिन तुम्ही भरायचं, परदेशासाठी १५ टक्के. ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारचा पतहमी निधी आहे. या हमीखाली कर्ज दिलं तर बँकेने तारणही मागायचं नाही आणि तिऱ्हाईत जामीनदारही मागायचा नाही. त्याच्या पुढे गेलात की घर, प्लॉट, एफडी असं काहीतरी गहाण टाकायची वेळ येते. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून मात्र पहिल्या रुपयापासून लागतात. हप्ता थकला तर सिबिल दोघांचंही खराब होतं, एकट्या मुलीचं किंवा मुलाचं नाही.

फीसोबत वसतिगृह, पुस्तकं, लॅपटॉप, अभ्यासाला लागणारी उपकरणं, प्रोजेक्टचा खर्च हेही कर्जात बसतं. अर्ज भरताना लोक फक्त फी लिहितात आणि मग डिझर्टेशनच्या वेळी हातउसने घेत बसतात. कॉलेजकडून खर्चाचं पत्रक घेतानाच त्यात हे सगळं घालून घ्या. मॅन्युअल थेरपीचे, टेपिंगचे, ड्राय नीडलिंगचे वीकेंड कोर्स मात्र यात येत नाहीत. एमपीटीएचच्या दोन वर्षांत ज्याचा त्याचा त्यावर बराच खर्च होतो, तेव्हा ती तजवीज वेगळी करा.

पैसे तुमच्या हातात येत नाहीत, बँक वर्षावर्षाला थेट कॉलेजला भरते. याचा फायदा असा की व्याज मंजूर रकमेवर नाही, तर उचललेल्या रकमेवर लागतं.

तीन वर्षं हप्ता नाही, पण व्याज आहे

बहुतेक घरांची चूक इथे होते, म्हणून जरा थांबू.

कोर्स चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. याला मोरॅटोरियम म्हणतात. त्यानंतर जास्तीत जास्त १५ वर्षांत कर्ज फेडायचं. ‘तोपर्यंत काही भरायचं नाही’ हे काउंटरवरून कानावर पडतं आणि वडील निश्चिंत होतात. व्याजाचं मीटर मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं. या काळात ते सरळव्याजाने साठतं, मोरॅटोरियम संपला की ते सगळं मुद्दलात मिळवतात, आणि हप्ता त्या फुगलेल्या रकमेवर बसतो.

आकडे घेऊ. समजा दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला साडेतीन-साडेतीन लाख उचलले, एकूण ७ लाख, व्याज १० टक्के. पहिल्या साडेतीन लाखांवर तीन वर्षांचं व्याज १,०५,००० रुपये. दुसऱ्या साडेतीन लाखांवर दोन वर्षांचं ७०,०००. म्हणजे पहिला हप्ता कापला जाण्याआधीच १,७५,००० रुपये व्याज उभं राहिलं. कर्ज झालं ८.७५ लाख.

आता हप्ता. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे ११,५६०. पंधरा वर्षं घेतली तर ९,४००. सात वर्षांत उरकायचं ठरवलं तर १४,५००. पंधरा वर्षांचा हप्ता हलका वाटतो, पण एकूण परतफेड बघा: दहा वर्षांत साधारण १३.९ लाख भरता, पंधरा वर्षांत १६.९ लाख. हप्त्यात दोन हजारांची सूट मिळवण्यासाठी तीन लाख जास्तीचे मोजता.

नुकतंच एमपीटीएच झालेल्या मुलीला खासगी हॉस्पिटलात समजा २८ हजारांची नोकरी लागली. ११,५६० चा हप्ता म्हणजे पगाराचे चाळीस टक्के. पुण्यामुंबईत खोलीचं भाडं आणि प्रवास वजा केला की हातात काय उरतं हे वेगळं सांगायला नको. मग संध्याकाळचे होम व्हिजिट सुरू होतात, रविवारीसुद्धा. होम व्हिजिट करण्यात वावगं काही नाही, कित्येकांची प्रॅक्टिस त्यातूनच उभी राहते. पण ती हौसेने करणं वेगळं आणि पाच तारखेच्या हप्त्यासाठी करणं वेगळं. ज्यांना न्यूरो किंवा पीडियाट्रिकसारख्या, पेशंट हळूहळू सुधारणाऱ्या शाखेत राहायचं असतं, त्यांच्यावर हा दाब जास्त येतो.

म्हणून कर्ज घेण्याआधी विचारायचा आकडा ‘फी किती’ हा नाही, तर ‘तीन वर्षांनी हप्ता किती आणि तेव्हा हातात किती’ हा आहे. ज्या कॉलेजात जाणार त्याच कॉलेजच्या गेल्या दोन बॅचच्या सीनियरना फोन करा आणि सध्याचा पगार सरळ विचारा. सांगतात. प्लेसमेंटच्या पत्रकापेक्षा ती माहिती खरी असते.

यातला सोपा उपाय असा की मोरॅटोरियममध्ये निदान व्याज तरी भरत राहायचं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे २,९२० रुपये, पुढे ५,८३०. घरच्यांना हे झेपलं तर कर्ज ७ लाखांवरच थांबतं आणि दहा वर्षांचा हप्ता ११,५६० ऐवजी ९,२५० होतो. शिवाय या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला दरात एक टक्का सवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेतच आहे. मुलींना बऱ्याच सरकारी बँका अर्धा टक्का सूट देतात. या दोन्ही गोष्टी मागितल्याशिवाय मिळतील असं धरून चालू नका, मंजुरीपत्रात लिहून आल्या आहेत का ते बघा.

मंजुरीपत्रात आणखी एक ओळ शोधायची, ती म्हणजे व्याजदर कशाला जोडलाय. सरकारी बँकांचे दर बहुधा रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्या दराशी, बांधलेले आणि बदलते असतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा अशी कर्जंही उतरायला हवीत. तुमचं उतरलं का, हे खात्याचा उतारा काढून बघा. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड लावायला बँकांना मनाई आहे, त्यामुळे एखाद्या महिन्यात होम व्हिजिटचे पैसे बरे आले तर थोडे कर्जात टाकता येतात.

सवलतीच्या योजना आणि त्यांची चाळणी

आता सरकारी मदत. केंद्राच्या दोन योजना महत्त्वाच्या आहेत.

जुनी आहे ती व्याज अनुदान योजना, २००९ पासूनची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर मोरॅटोरियमच्या काळातलं सगळं व्याज सरकार भरतं. आता ही सूट १० लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे. वरच्या उदाहरणातले १,७५,००० रुपये पूर्ण वाचतात. याहून चांगली योजना शोधून सापडणार नाही.

पण एक अट आहे आणि थेरपीवाल्यांना तीच नडते: हे अनुदान आयुष्यात एकदाच मिळतं. पदवीसाठी घेतलं असेल तर पदव्युत्तरला नाही. साडेचार वर्षांच्या बीपीटीएचसाठी, म्हणजे फिजिओच्या पदवीसाठी, ज्यांनी ते घेतलं, त्यांना एमपीटीएचच्या वेळी बँकेत गेल्यावर हे कळतं. ज्यांनी घेतलं नाही, त्यांनी ते अजून शिल्लक आहे हे लक्षात ठेवावं. आणि ज्या घरात मुलगी आत्ता बारावीला आहे, त्यांनी हिशोब आधीच मांडावा. पदवी सरकारी कॉलेजात स्वस्तात होणार असेल आणि पदव्युत्तर महाग पडणार असेल, तर अनुदान पुढच्या कर्जासाठी राखून ठेवण्यात शहाणपण असू शकतं. तेव्हाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत राहील की नाही, हा धोका त्यात आहेच. शिवाय कोर्स मध्येच सोडला तर अनुदान जातं.

दुसरी अट मान्यतेची. संस्थेला नॅकचं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन हवं (दोन्ही शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था), आणि जे अभ्यासक्रम त्यांच्या कक्षेत येत नाहीत त्यांना आपापल्या नियामक परिषदेची मान्यता हवी. डॉक्टर, नर्स, वकील यांच्या राष्ट्रीय परिषदा कधीच्या आहेत. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) यांच्यासाठी देशपातळीवर अशी परिषद बरीच वर्षं नव्हतीच. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने ओटीपीटी कौन्सिल आली, पण ती राज्यापुरती. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी एका केंद्रीय छत्राखाली आल्या. समुपदेशकही त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी मात्र १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते.

बँकेतल्या माणसाला ही वंशावळ ठाऊक असेल अशी अपेक्षा करू नका. ‘मान्यतेचं पत्र आणा’ एवढंच तो म्हणेल. विद्यापीठाची संलग्नता, कौन्सिलची किंवा आयोगाची मान्यता आणि नॅकचं प्रमाणपत्र, तिन्हीच्या प्रती कॉलेजच्या ऑफिसातून प्रवेशाच्या दिवशीच मागून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजीवाल्यांनी जास्त जपून राहावं. यूजीसीने एम.फिल. पदवीच बंद केली आणि क्लिनिकल सायकॉलॉजी व सायकियाट्रिक सोशल वर्क या दोघांना २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. त्यामुळे पुढे ज्या नावाच्या कोर्सला प्रवेश घ्याल त्याला आरसीआयची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी बघा. मान्यता नसेल तर कर्जाची सवलत सोडाच, नोंदणीही मिळणार नाही, आणि नोंदणीशिवायच्या पदवीसाठी कर्ज काढणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं.

नवी योजना म्हणजे पीएम विद्यालक्ष्मी. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. यात तारण नाही, जामीनदार नाही, फी आणि इतर खर्च पूर्ण धरला जातो, अर्ज ऑनलाइन. ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकार ७५ टक्के हमी देतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात ३ टक्के व्याज सूट मिळते, पण वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच, आणि दुसरी कुठली सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेत नसाल तर. आपल्या उदाहरणात ती सूट ५२,५०० रुपये होते. पूर्ण माफीपुढे कमीच, पण नाहीपेक्षा बरी.

यातली मेख संस्थांच्या यादीत आहे. सुरुवातीच्या यादीत देशभरातल्या ८६० संस्था होत्या, आणि त्या निवडल्या एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीवरून: पहिल्या शंभरातल्या सगळ्या, १०१ ते २०० मधल्या राज्य सरकारी, आणि केंद्र सरकारच्या सर्व. आता एनआयआरएफमध्ये मेडिकल, डेंटल, फार्मसी यांच्या वेगळ्या याद्या आहेत. फिजिओथेरपीची नाही, ऑक्युपेशनल थेरपीची नाही. म्हणजे तुमच्या फिजिओ कॉलेजची गुणवत्ता कुठे मोजलीच जात नाही, त्याची मूळ संस्था क्रमवारीत असेल तर ते आत, नसेल तर बाहेर. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेलं, फक्त फिजिओथेरपी शिकवणारं, बेताची फी घेणारं आणि चांगलं शिकवणारं एखादं कॉलेज या यादीत येणार कसं? उलट क्रमवारीतल्या अभिमत विद्यापीठाचं फिजिओ कॉलेज अलगद आत येतं, आणि तिथली फी जास्त असते. जास्त फीला सवलतीचं कर्ज, कमी फीला साधं, असा उफराटा प्रकार. मला हे पटत नाही, पण नियम तसा आहे. विद्यालक्ष्मीच्या पोर्टलवर संस्थेचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. पर्याय भरण्याआधी ती दोन मिनिटं काढा. आणि मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतलात तर ही योजना तुमच्यासाठी नाही, गुणवत्तेवरचाच प्रवेश लागतो.

राज्याकडे बघितलं तर इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. नावाप्रमाणे तो परतावा आहे: आधी तुम्ही भरायचं, मग महामंडळ परत देणार. हातात रोकड नसलेल्या घराला हे लक्षात घेऊनच चालावं लागतं. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांचंही तसंच. पदवीला मिळालेली सवलत पदव्युत्तरला आपोआप सुरू राहत नाही, तुमच्या कोर्सचं नाव तिथल्या यादीत स्वतः शोधा.

कागदपत्रांतली एक गंमत सांगतो. बँकेला सहकर्जदार म्हणून वडिलांचं उत्पन्न भरभक्कम दिसायला हवं असतं आणि योजनेला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कमीचा हवा असतो. आयटीआर सात लाखांचा आणि दाखला चार लाखांचा अशी जोडी फाइलला लागली की फाइल तिथेच बसते. दोन्ही कागद एकमेकांसमोर ठेवून मगच बँकेत जा.

बँक नाही म्हणाली तर

‘तुम्ही आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही’ हे कारण चालत नाही. विद्यार्थ्याचं घर शाखेच्या सेवाक्षेत्रात नाही म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना बजावलं आहे. आदर्श योजनेप्रमाणे अर्जाचा निकाल साधारण पंधरा दिवस ते महिन्याभरात लागायला हवा, आणि शाखेला नकार द्यायचा असेल तर वरच्या अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते. म्हणून तोंडी नकार ऐकून घरी यायचं नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा, त्याचा क्रमांक जपून ठेवा, कारण लेखी मागा. लेखी म्हटलं की बऱ्याचदा सूर बदलतो.

कंटाळून लोक एनबीएफसीकडे, म्हणजे बिगरबँक वित्तसंस्थांकडे जातात. तिथे कर्ज लवकर मिळतं, हे खरं. पण दर चढे असतात, व्याज बऱ्याचदा पहिल्या महिन्यापासून भरावं लागतं, आणि वर सांगितलेल्या केंद्राच्या व्याज सवलती या कर्जाला लागू होत नाहीत. शेवटचा पर्याय म्हणून ठेवा.

बीपीटीएचचं कर्ज अजून चालू असेल तर

पदवीचा मोरॅटोरियम इंटर्नशिपनंतर वर्षभरात संपतो. तोवर एमपीटीएचला प्रवेश मिळाला तर जुन्या बँकेला प्रवेशाच्या पत्रासह लेखी कळवा आणि जुन्या कर्जाचा हप्ता पुढे ढकलायची विनंती करा. शक्यतो नवं कर्जही त्याच बँकेकडून वाढीव म्हणून मागा, दोन्हीची परतफेड एकत्र बांधून मिळू शकते. न कळवता हप्ते चुकवले तर नव्वद दिवसांनी खातं थकीत होतं आणि नवं कर्ज अडतं. पुढे स्वतःचं क्लिनिक काढताना शॉर्टवेव्ह, ट्रॅक्शन, आयएफटी मशीनसाठी मुद्रा कर्ज मागायला जाल, तेव्हाही हाच इतिहास पहिल्यांदा उघडला जाईल.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

परदेशातल्या मास्टर्ससाठी कर्ज दोन-तीनपट मोठं होतं आणि तारण बहुतेक लागतंच. पण त्याहून मोठा प्रश्न परवान्याचा आहे. अमेरिकेत एखाद्या विद्यापीठातून फिजिओचं एमएस केलं म्हणून पेशंटला हात लावता येत नाही. भारतीय पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, परवान्यासाठीची एनपीटीई परीक्षा द्यावी लागते आणि परवाना राज्यागणिक घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या तिथल्या नियामक परिषदेची नोंदणी लागते, ऑस्ट्रेलियात तिथल्या फिजिओथेरपी कौन्सिलचं मूल्यमापन. यात जाणारे महिने आणि फी दोन्ही कर्जाच्या अर्जात नसतात, मोरॅटोरियम मात्र त्यातच संपत जातो. हप्ता रुपयांत सुरू झालेला आणि परवाना हातात नाही, ही अवस्था टाळायची तर मूल्यमापनाची प्रक्रिया भारतात असतानाच सुरू करा. एक दिलासा आहे: एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, कापला जात नाही.

आयकराची सूट

८०ई म्हणून ओळखली जाणारी ही सूट फक्त व्याजावर मिळते, मुद्दलावर नाही. रकमेला वरची मर्यादा नाही, पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. कर्ज बँकेचं किंवा अधिसूचित वित्तसंस्थेचं हवं, काकांकडून घेतलेले पैसे चालत नाहीत. सूट मिळण्याची आठ वर्षं ज्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा व्याज भरता त्या वर्षापासून मोजतात. मोरॅटोरियममध्ये व्याज वडील भरत असतील आणि ते जुन्या प्रणालीत कर भरत असतील, तर सूट त्यांनी घ्यावी. मुलगी स्वतः तेव्हा भरू लागली, तर करपात्र पगार सुरू होण्याआधीच तिच्या आठातली दोन-तीन वर्षं वाया जातात. व्याज कुणाच्या खात्यातून जातं हे म्हणून पहिल्या महिन्यातच ठरवा, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र मागून घ्या.